कॅन्सरचे बायोमार्कर, निदान आणि क्लिनिकल ट्रायल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सरचा संशय आला की हातात एकामागून एक कागद येऊ लागतात. रक्ताचा रिपोर्ट, बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट, जनुकांचा रिपोर्ट, कधी एखाद्या ट्रायलचं, म्हणजे पेशंटवर केल्या जाणाऱ्या उपचाराच्या चाचणीचं, संमतिपत्र. त्यांतल्या नेमक्या कुठल्या आकड्याने उपचार बदलणार आहे, हे मात्र शांतपणे बसून सांगणारं माणूस दर वेळी भेटतंच असं नाही. पेशंट आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न खरोखर विचारतात, तेच इथे घेतले आहेत. तुमच्या स्वतःच्या रिपोर्टचा अर्थ तुमच्या डॉक्टरांनीच लावायचा आहे, कारण वय, लक्षणं, स्कॅन, आधीचे आजार हे सगळं एकत्र त्यांच्यासमोर असतं.

बायोमार्कर म्हणजे नेमकं काय?

शरीरात मोजता येईल आणि आजाराबद्दल काही सांगेल अशी खूण. रक्तातलं एखादं प्रथिन, गाठीच्या पेशीवरचा रिसेप्टर (बाहेरचा संदेश पकडणारं प्रथिन), जनुकातला बदल, तुटून भलतीकडे जोडलं गेलेलं गुणसूत्र, हे सगळे बायोमार्कर. कल्पना जुनी आहे. १८४० च्या दशकात लंडनमध्ये हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरांकडे एका पेशंटची लघवी तपासायला आली होती. ती गरम केली की त्यातलं प्रथिन साकळायचं, आणखी उकळली की पुन्हा विरघळून जायचं. ती मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरची खूण निघाली. मायलोमाच्या पेशंटमध्ये तेच प्रथिन आजही मोजतात, फक्त पद्धती आता कितीतरी नेमक्या आहेत.

मार्करचं काम एकाच प्रकारचं नसतं. कुठला निदानाला मदत करतो, कुठला आजार किती आक्रमक आहे ते सांगतो, कुठला अमुक औषध लागू पडेल का ते सांगतो, तर कुठला उपचार चालू असताना आजार वाढतोय की ओसरतोय ते दाखवतो. एका कामाला चोख असलेला मार्कर दुसऱ्या कामाला अगदी निरुपयोगी असू शकतो, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. म्हणून कुठलीही तपासणी करण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: उत्तर ‘हो’ आलं तर काय करणार, आणि ‘नाही’ आलं तर काय वेगळं करणार? दोन्ही वेळा तेच करायचं असेल तर ती तपासणी कशासाठी, हेही विचारायला हरकत नाही.

एकाच रक्ततपासणीत कॅन्सर आहे की नाही ते कळत नाही का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्यामागची इच्छा अगदी रास्त आहे. कसलंही लक्षण नसलेल्या माणसात तपासणी का फसते, ते आकडे मांडून बघू.

समजा, एका कॅन्सरसाठी एक तपासणी आहे. आजार असलेल्या १०० जणांपैकी ९० जणांना ती ओळखते आणि निरोगी १०० जणांपैकी ९९ जणांना ‘निरोगी’ असंच सांगते. ऐकायला उत्तम. आता ही तपासणी लक्षणं नसलेल्या १,००,००० जणांची केली, आणि त्यांच्यात तो आजार फक्त ५० जणांना आहे. त्या ५० पैकी ४५ सापडतील. पण उरलेल्या ९९,९५० निरोगी माणसांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे १,००० जणांचा रिपोर्टही पॉझिटिव्ह येईल. एकूण १,०४५ पॉझिटिव्हपैकी खरे ४५, म्हणजे शंभरात चार. बाकीच्या हजार जणांना झोप न येणं, स्कॅन, सुई, कधी पोट उघडून ऑपरेशन, हे सगळं विनाकारण. आजार जितका विरळ, तितका हा हिशेब बिघडत जातो. हीच तपासणी लक्षणं असलेल्या आणि स्कॅनमध्ये गाठ दिसलेल्या माणसात केली तर तिचं वजन पूर्ण बदलतं, कारण तिथे आजार असण्याची शक्यता मुळातच जास्त असते.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात दोन लाखांहून जास्त स्त्रियांना एका ट्रायलमध्ये घेतलं. पाळी गेलेल्या, लक्षणं नसलेल्या स्त्रिया. एका गटात दरवर्षी सीए-१२५ हे अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढणारं रक्तातलं प्रथिन मोजलं आणि त्याच्या चढउतारावरून पुढची तपासणी ठरवली, दुसऱ्या गटात दरवर्षी सोनोग्राफी, तिसऱ्या गटात यांपैकी काहीच नाही. सीए-१२५ च्या गटात अंडाशयाचा कॅन्सर थोडा लवकरच्या टप्प्यात सापडू लागला, म्हणून आशा वाढली होती. २०२१ मध्ये शेवटचे निष्कर्ष आले. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू कुठल्याच गटात कमी झाले नव्हते. वीस वर्षांचं हे काम वाया गेलं असं मुळीच नाही. ते झालं नसतं, तर ही तपासणी दरवर्षी करण्याचा सल्ला आज सर्रास दिला गेला असता.

पण लवकर सापडलेलं कधीही चांगलंच, नाही का?

बऱ्याचदा हो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही (तो कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणी, मोठ्या आतड्यासाठी शौचातलं रक्त तपासणं किंवा कोलोनोस्कोपी, दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेल्यांसाठी कमी मात्रेचा सीटी स्कॅन, यांनी जीव वाचतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलने २०११ मध्ये दाखवलं की अशा धूम्रपान करणाऱ्यांमध्ये छातीच्या एक्स-रेऐवजी सीटी केला, तर फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होतात.

पण काही वेळा लवकर सापडण्याने फक्त एवढंच होतं की आजार जास्त वर्षं ‘माहीत’ असतो. आज कळलं काय आणि तीन वर्षांनी कळलं काय, मृत्यूची तारीख तीच राहत असेल, तरी ‘निदानानंतर किती वर्षं जगले’ हा आकडा वाढलेला दिसतो. म्हणून तपासणीचा खरा कस मृत्यू कमी झाले का यावर लागतो.

दुसरा धोका, ज्या गाठी आयुष्यभर काहीच त्रास देणार नव्हत्या त्या सापडण्याचा. दक्षिण कोरियात गळ्याची सोनोग्राफी सहज होऊ लागली आणि थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये पंधरापट झालं. त्या कॅन्सरने होणारे मृत्यू होते तिथेच राहिले. सापडलेल्यांपैकी बहुतेकांची ग्रंथी काढली गेली, आणि पुष्कळांना जन्मभराची गोळी लागली.

जपानचा अनुभव तर मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथे सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांतला मज्जापेशींचा कॅन्सर शोधण्याचा देशव्यापी कार्यक्रम होता. मार्कर चांगला होता, तपासणी साधी होती, बाळाला सुईसुद्धा टोचायची नव्हती. पण सापडणाऱ्या गाठी मुख्यतः आपोआप विरून जाणाऱ्या प्रकारच्या निघाल्या आणि जीवघेणा प्रकार हातातून निसटतच राहिला. कॅनडा आणि जर्मनीतल्या अभ्यासांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की अशा तपासणीने मुलांचे मृत्यू कमी होत नाहीत. जपानने त्यानंतर कार्यक्रम बंद केला. चालू असलेली, लोकांना आवडणारी तपासणी पुराव्यापुढे मान तुकवून थांबवणं सोपं नसतं.

माझा सीए-१२५ / सीईए / पीएसए / सीए १९-९ वाढला आहे. कॅन्सर असेल का?

असेलच असं नाही. सीए-१२५ पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्ये, पोटातल्या क्षयरोगातही वाढतो. सीईए हा मुख्यतः मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा मार्कर, पण तो धूम्रपान करणाऱ्यांमध्ये थोडा वरच असतो. पीएसए प्रोस्टेटच्या साध्या वाढीत आणि संसर्गात चढतो. उलट, केस गळण्यासाठी किंवा प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड घेणाऱ्यांमध्ये तो साधारण निम्म्यावर येतो, म्हणून हे औषध चालू असेल तर डॉक्टरांना न विसरता सांगा. सीए १९-९ नुसत्या काविळीनेही वाढतो. शिवाय काही माणसांच्या रक्तगटाच्या ठेवणीमुळे त्यांचं शरीर सीए १९-९ बनवूच शकत नाही. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर असला तरी हा रिपोर्ट नॉर्मलच येणार.

आणखी एक: केसांसाठी, नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या काही रक्ततपासण्यांचे आकडे खोटे वर किंवा खाली दाखवू शकतात. रक्त द्यायच्या आधी ते सांगावं.

मग ट्यूमर मार्कर मोजायचेच कशाला?

कारण निदान झाल्यानंतर त्यांचा फार उपयोग होतो. अंडकोषाच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. त्यात एएफपी आणि बीटा-एचसीजी ही दोन प्रथिनं रक्तात वाढतात. गाठ काढल्यावर एएफपी दर पाच ते सात दिवसांनी आणि बीटा-एचसीजी दर दीड ते तीन दिवसांनी निम्मं व्हायला हवं. त्या गतीने आकडा उतरला नाही, तर शरीरात कुठेतरी आजार शिल्लक आहे हे स्कॅनमध्ये काही दिसायच्या आधीच कळू शकतं, आणि पुढची केमो द्यायची का, किती द्यायची हे ठरवायला मदत होते. इथे आकडा बदलला की निर्णय बदलतो.

अशा वेळी एकट्या आकड्यापेक्षा त्याची दिशा बघतात. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये तपासा. पद्धत बदलली की आकडाही थोडा हलतो आणि उगाच घबराट होते.

बायोप्सीने कॅन्सर पसरतो का?

जवळपास सगळ्या प्रकारांत, नाही. काही ठरावीक ठिकाणी काळजी घ्यावी लागते आणि डॉक्टरांना ती माहीत असते. अंडकोषाच्या गाठीत वृषणकोशातून सुई घालत नाहीत, मांडीच्या वर जांघेतून छेद घेऊन पूर्ण अंडकोषच काढतात. यकृताच्या कॅन्सरमध्ये सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची थोडी उदाहरणं आहेत, आणि तिथे ठरावीक परिस्थितीत निव्वळ स्कॅनवरूनही निदान करता येतं. बाकी ठिकाणी या भीतीपोटी बायोप्सी लांबवल्याने होणारं नुकसान कितीतरी मोठं असतं.

बायोप्सीचा रिपोर्ट यायला इतके दिवस का लागतात?

तुकडा काढल्यापासून रिपोर्टवर सही होईपर्यंत त्या तुकड्याचं काय होतं ते एकदा समजून घेतलं, तर वाट बघणं थोडं सुसह्य होईल.

तुकडा लगेच फॉर्मलिनमध्ये टाकतात. स्तनाच्या गाठीसाठी नियम असा की काढल्यापासून तासाभरात तो फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे, आणि त्यात किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहिला पाहिजे. कमी राहिला तर ऊती नीट पक्की होत नाही, जास्त राहिला तर प्रथिनं आणि डीएनए खराब होतात, आणि हर-२ (काही स्तनाच्या गाठींच्या पेशींवर वाढलेला रिसेप्टर) सारखा रिपोर्ट चुकू शकतो. मग त्यातलं पाणी अल्कोहोलने काढायचं, मेण मुरवायचं आणि तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवायचा. यालाच सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात. त्या ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर घेतात आणि रंगवतात. पॅथॉलॉजिस्ट ते बघून पहिला अंदाज बांधतात. त्यानंतर प्रतिपिंडं वापरून खास रंग देतात, म्हणजेच आयएचसी. त्यात हर-२ चा निकाल २+ असा काठावरचा आला, तर जनुकाच्या प्रती मोजणारी फिश तपासणी करावी लागते. जनुकांची मोठी तपासणी मागितली असेल, तर त्याच ब्लॉकमधून डीएनए काढतात. त्या भागात गाठीच्या पेशी पुरेशा आहेत का हे आधी बघतात, नसतील तर नमुना परत येतो. हाडाच्या तुकड्याला तर आधी मऊ करावं लागतं, आणि त्यासाठी कडक आम्ल वापरलं तर डीएनए नष्ट होतो.

यातली एकही पायरी घाईने उरकता येत नाही. ब्लॉक जपून ठेवला जातो. दुसरं मत घ्यायचं असेल, तर रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागत नाही, ब्लॉक आणि स्लाइड मागून न्याव्या लागतात. पुढे कधी नवी तपासणी आली तर हाच ब्लॉक कामी येतो.

‘बायोमार्करवरून औषध ठरवलं’ म्हणजे काय केलं?

या क्षेत्रातला सगळ्यात मोठा बदल हाच आहे, त्यामुळे थोडं सविस्तर सांगायला हवं.

१९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट रौली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली आहे. त्या सांध्यावर बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होतं, ते सतत पेशीला ‘वाढ’ असा हुकूम सोडत राहतं. त्या हुकमाला अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये मंजूर झाली. तिच्या मूळ ट्रायलमध्ये ही गोळी मिळालेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के पेशंट दहा वर्षांनंतरही हयात होते. आखूड गुणसूत्र दिसल्यापासून गोळी हातात येईपर्यंत ४१ वर्षं गेली.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-२ वाढलेला असणं ही एके काळी फक्त वाईट बातमी होती. १९८७ मध्ये डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी हर-२ आणि आजाराचा आक्रमकपणा यांचा संबंध मांडला. १९९८ मध्ये हर-२ ला अडवणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध आलं आणि तीच खूण उपचाराचा दरवाजा ठरली.

पण मार्कर का तपासायचा हे सगळ्यात स्पष्ट कुठे दिसलं असेल, तर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयपास या ट्रायलमध्ये. पूर्व आशियातल्या, बहुतांशी कधीच धूम्रपान न केलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटना एका गटात ईजीएफआर या रिसेप्टरला अडवणारी जेफिटिनिबची गोळी आणि दुसऱ्या गटात केमो दिली. ईजीएफआरच्या जनुकात म्युटेशन (बदल) असलेल्यांपैकी ७१ टक्के जणांची गाठ गोळीने लक्षणीय आक्रसली. म्युटेशन नसलेल्यांमध्ये हे प्रमाण जेमतेम एक टक्का होतं, आणि केमोने मात्र त्यांच्यातल्या २३ टक्के जणांना गुण आला. म्हणजे तीच गोळी एकासाठी केमोहून सरस आणि शेजारच्या खाटेवरच्या दुसऱ्याचा मोलाचा वेळ घालवणारी. चेहऱ्यावरून, वयावरून, सिगारेट न ओढण्यावरून हा फरक ओळखता येत नाही. तपासणीच करावी लागते. म्हणून ‘आधी औषध सुरू करू, रिपोर्ट आल्यावर बघू’ असं कुणी म्हटलं, तर तब्येत थांबू देत असेल तेव्हा रिपोर्टसाठी थांबण्याबद्दल विचारा.

उलट दिशेचं उदाहरण मोठ्या आतड्याचं. केआरएएस किंवा एनआरएएस जनुकात म्युटेशन असेल तर सेटक्सिमॅब या औषधाचा फायदा होत नाही. इथे मार्कर ‘देऊ नका’ असं सांगतो. हे सांगणंही तितकंच मोलाचं आहे, कारण त्या औषधाने अंगावर पुरळ येतं, त्रास होतो, आणि बदल्यात हाती काहीच लागत नाही.

म्युटेशन तेच असेल तर अवयव कुठलाही असो, औषधही तेच चालेल ना?

कधी चालतं, कधी नाही. बीआरएएफ व्ही६००ई हे म्युटेशन मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये, असलं तर वेमुराफेनिबने बऱ्याच जणांची गाठ झपाट्याने आक्रसते. तेच म्युटेशन मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये असताना हेच औषध एकटं दिलं, तर फारसं काही होत नाही, कारण तिथल्या पेशी ईजीएफआरच्या आडवाटेने पुन्हा तोच संदेश चालू करतात. दोन्ही वाटा एकदम बंद केल्यावर औषधं लागू पडू लागली.

याउलट डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा मोडलेल्या गाठींमध्ये, म्हणजे रिपोर्टवर ‘एमएसआय-हाय’ किंवा ‘डीएमएमआर’ लिहिलेलं असतं त्यांच्यात, इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध जागवणारं औषध) अनेक अवयवांत काम करते. २०१७ मध्ये पेंब्रोलिझुमॅब या अशाच औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती अवयवाच्या नावावर नव्हे, या मार्करवर. तशी ती पहिलीच मंजुरी होती.

लिक्विड बायोप्सी केली तर सुई टोचून तुकडा काढायची गरज नाही ना?

निदानासाठी बहुतेक वेळा तुकडा लागतोच. रक्तात मरणाऱ्या पेशींचे डीएनएचे तुकडे तरंगत असतात, त्यांत गाठीचेही थोडे असतात. ते शोधून म्युटेशन ओळखणं ही लिक्विड बायोप्सी. आजार पसरलेला असेल, फुप्फुसाची गाठ सुईच्या टप्प्यात नसेल, किंवा ब्लॉकमधला ऊतक संपला असेल, तेव्हा ती फार उपयोगी पडते. पण गाठ लहान असेल तर रक्तात डीएनए इतका कमी येतो की रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून इथे ‘सापडलं’ याला जितका अर्थ आहे तितका ‘सापडलं नाही’ याला नाही. वय वाढलं की रक्तपेशींतही काही म्युटेशन जमतात, ती गाठीची समजली जाण्याचाही धोका असतो.

हा डीएनए रक्तात फार टिकत नाही, साधारण दोन तासांत निम्मा होतो. त्यामुळे आज घेतलेलं रक्त आजचीच स्थिती सांगतं, हा त्याचा मोठा गुण आहे.

औषध छान लागू पडलं होतं, आता पुन्हा बायोप्सी का?

कारण गाठ बदलते. जेफिटिनिबसारख्या गोळ्यांवर काही काळ बरं चाललेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांत टी७९०एम हे नवं म्युटेशन उगवायचं आणि गोळी निकामी व्हायची. ते ओळखूनच ऑसिमर्टिनिब हे औषध आलं, आणि आता ते पुष्कळदा सुरुवातीलाच देतात. जुन्या ब्लॉकमध्ये नवा बदल दिसणार नाही, म्हणून नवा नमुना. नुसतं ‘वाढलंय’ एवढं कळून भागत नाही, का वाढलंय ते कळलं तर पुढचं औषध निवडता येतं.

बायोमार्करमुळे केमो टळू शकते का?

हो, आणि या प्रश्नाचं उत्तर देताना खरोखर आनंद होतो.

टेलर-एक्स नावाच्या ट्रायलमध्ये दहा हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. स्तनाचा कॅन्सर हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह, काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत न पोचलेला. गाठीतली २१ जनुकं मोजून गुण काढले. ११ ते २५ असे मधले गुण आलेल्यांत एका गटाला हार्मोन गोळ्या आणि केमो दिली, दुसऱ्याला नुसत्या गोळ्या. २०१८ मध्ये निष्कर्ष आला की एकूण पाहता दोन्ही गट सारखेच राहिले. पन्नाशीच्या आतल्या, १६ ते २५ गुणांच्या स्त्रियांना मात्र केमोचा काहीसा फायदा दिसला. असंख्य स्त्रियांची केमो त्यानंतर टळली.

ऑस्ट्रेलियातल्या डायनॅमिक ट्रायलने २०२२ मध्ये मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या कॅन्सरबद्दल असंच दाखवलं. ऑपरेशननंतर रक्तात गाठीचा डीएनए शिल्लक असेल तरच केमो, असं ठरवलं तेव्हा १५ टक्के पेशंटना केमो लागली; नेहमीच्या पद्धतीने ठरवलेल्या गटात २८ टक्क्यांना. दोन वर्षांनंतर आजार परत न आलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ९२-९३ टक्क्यांच्या आसपास होतं. कमी उपचार करूनही तेवढंच बरं होतं हे सिद्ध करायला पेशंटनी स्वतःला त्या ट्रायलमध्ये झोकून द्यावं लागतं. ज्यांनी ते केलं त्यांचे उपकार आहेत.

घरात दोघा-तिघांना कॅन्सर झाला आहे. मी जनुकांची तपासणी करून घेऊ का?

आधी जनुकतज्ज्ञांशी बोला, मग रक्त द्या. साधारण ५ ते १० टक्के कॅन्सर आईवडिलांकडून आलेल्या जनुकदोषामुळे होतात. बीआरसीए-१ या जनुकात दोष असलेल्या स्त्रीला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७२ टक्के आणि अंडाशयाचा ४४ टक्के, असा २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. बीआरसीए-२ मध्ये हेच आकडे ६९ आणि १७. हा दोष वडिलांकडूनही येतो, त्यामुळे आत्या आणि आजीच्या आजारांची माहितीही तितकीच महत्त्वाची.

शक्य असेल तर ज्या व्यक्तीला कॅन्सर झाला आहे तिची तपासणी आधी करावी. तिच्यात दोष सापडला, तर इतरांची तपासणी नेमकी होते. रिपोर्टवर ‘व्हीयूएस’ लिहून आलं तर त्याचा अर्थ बदल दिसला आहे, पण तो घातक आहे की निरुपद्रवी हे ठरलेलं नाही. व्हीयूएसच्या आधारावर कुणीही अवयव काढून घेऊ नये. यांतले बरेचसे बदल पुढे निरुपद्रवी ठरतात.

ट्रायल म्हणजे आमच्यावर प्रयोगच ना? आणि खोटी गोळी दिली तर?

प्रयोगच आहे, आणि ते लपवायचं काही कारण नाही. फरक एवढाच की तो तुमच्या लेखी संमतीने, आधी ठरवून लिहिलेल्या आराखड्यानुसार, नैतिकता समितीच्या परवानगीने होतो आणि कुठल्याही क्षणी, कारण न देता बाहेर पडता येतं. बाहेर पडल्यामुळे नेहमीचे उपचार कुणी अडवू शकत नाही.

पहिल्या टप्प्यात सुरक्षित डोस शोधतात, दुसऱ्यात औषधाचा काही परिणाम दिसतो का ते बघतात, तिसऱ्यात सध्याच्या उत्तम उपचाराशी तुलना करतात. पहिल्या टप्प्यात तुम्हाला स्वतःला फायदा होण्याची शक्यता बरीच कमी असते. हे स्पष्ट न सांगता कुणी सही मागत असेल, तर सही करू नका.

कॅन्सरच्या ट्रायलमध्ये उपचार उपलब्ध असताना नुसती खोटी गोळी देत नाहीत. तुलना असते ती ‘चालू उपचार अधिक नवं औषध’ विरुद्ध ‘चालू उपचार अधिक खोटी गोळी’ अशी. कोण कुठल्या गटात जाणार ते संगणक ठरवतो. नातेवाइकांना हे क्रूर वाटतं, ते समजू शकतं. पण नवं ते चांगलंच असतं हा आपला समज किती महाग पडतो, याचं एक दुःखद उदाहरण आहे. १९९० च्या दशकात स्तनाच्या कॅन्सरसाठी प्रचंड मात्रेची केमो आणि त्यानंतर स्वतःच्याच मूळपेशी परत देणं हा उपचार हजारो स्त्रियांना ट्रायलबाहेरच दिला गेला. सगळ्यांची खात्री होती की जास्त केमो म्हणजे जास्त फायदा. १९९९ पासून ट्रायलचे निष्कर्ष येऊ लागले. साध्या मात्रेच्या केमोपेक्षा त्याने जास्त आयुष्य मिळत नव्हतं. काही स्त्रिया त्या उपचारानेच दगावल्या होत्या.

बातमीत ‘१०० टक्के यश’ किंवा ‘९९ टक्के अचूक’ लिहिलं आहे. विश्वास ठेवू का?

आधी विचारा: किती जणांत, आणि कुठल्या मार्करच्या पेशंटमध्ये? २०२२ मध्ये डोस्टारलिमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाने गुदाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या १२ पैकी १२ पेशंटच्या गाठी ऑपरेशनशिवाय दिसेनाशा झाल्या, ही बातमी जगभर फिरली. बातमी खरी होती आणि खरोखर मोठी होती. पण ते सगळे डीएमएमआर गाठींचे पेशंट होते, आणि गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी शंभरात पाच ते दहा असतात. फॉरवर्ड होत होत ‘डीएमएमआर’ हा शब्दच गळून गेला आणि भलत्याच कॅन्सरचे पेशंट त्या औषधामागे धावू लागले.

रक्ततपासणीच्या बातमीत आणखी एक गोष्ट बघा: वेगळ्या गटावर, वेगळ्या लॅबमध्ये ती पुन्हा करून पाहिली आहे का? २००२ मध्ये रक्तातल्या प्रथिनांच्या ठशावरून अंडाशयाचे तपासलेले सगळे ५० कॅन्सर ओळखल्याचा दावा एका मोठ्या नियतकालिकात आला. इतरांनी ती मूळ माहिती पुन्हा तपासली, तेव्हा यंत्र आणि नमुने हाताळण्यातले फरकच आजाराची खूण समजले गेले असावेत, असं दिसलं. कॅन्सरचे नमुने एका दिवशी आणि निरोगी लोकांचे दुसऱ्या दिवशी लावले, तर संगणक आजाराऐवजी दिवस ओळखायला शिकतो.

‘आजार न वाढता गेलेला काळ’ आणि ‘आयुष्य’ यांत काय फरक?

पहिल्यात गाठ पुन्हा वाढेपर्यंतचा काळ मोजतात, दुसऱ्यात माणूस किती जगला ते. पहिला वाढला म्हणजे दुसरा वाढतोच असं नाही. नव्या औषधाबद्दल ऐकलं की दोन्ही आकडे विचारा, आणि ते दिवस कसे गेले हेही.

मी संशोधनासाठी दिलेल्या नमुन्याचं पुढे काय होतं?

संमतिपत्रावर ते लिहिलेलं असायला हवं: नमुना किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या संस्थेला देणार का, नाव काढून टाकणार का, जनुकांची माहिती कुठे साठवणार, आणि तुमच्या तब्येतीला उपयोगी असं काही सापडलं तर तुम्हाला कळवणार का. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्या हेला पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. त्यांची जनुकीय माहिती कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत तिच्या कुटुंबाला जागा मिळाली ती २०१३ मध्ये.

तुम्ही संमती मागे घेऊ शकता. घेतल्यानंतर उरलेला नमुना नष्ट करता येतो, पण तोवर झालेल्या अभ्यासात मिसळून गेलेली माहिती सहसा परत काढता येत नाही. सही करण्याआधी ही ओळ संमतिपत्रात शोधा. सापडली नाही तर विचारा, आणि संमतिपत्राची एक प्रत स्वतःकडे ठेवा.